स्मार्ट मीटर आणि सेन्सर बसवूनही शॉप फ्लोअरवरून सुधारणा का येत नाहीत?

प्रश्न
हिंगणा_फास्टनर

नमस्कार. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी उत्पादन विभाग सांभाळतो. आमच्याकडे बोल्ट, नट आणि स्टड तयार होतात. कोल्ड हेडिंग (तार न तापवता ठोकून बोल्टचे डोके घडवणे), थ्रेड रोलिंग (आटे पाडणे), हीट ट्रीटमेंट (भट्टीत तापवून कडक करणे) आणि झिंक प्लेटिंग (जस्ताचा थर देणे) ही सगळी कामे एकाच आवारात चालतात. कायम कामगार आणि ठेकेदाराचे कामगार यांची संख्या साधारण सारखीच आहे.

गेल्या काही वर्षांत ग्राहकांच्या मागण्यांचे स्वरूप बदलले आहे. भाव आणि गुणवत्ता यांच्या जोडीला ते आता वीज, पाणी, प्लेटिंगचा गाळ आणि भंगार यांचे हिशेब मागतात. सेबीने बाजारमूल्यानुसार शेअर बाजारात नोंदणीकृत पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वतता अहवाल बंधनकारक केला आणि त्या कंपन्यांच्या प्रश्नावल्या आमच्यासारख्या पुरवठादारांपर्यंत पोहोचल्या. आमचा एक ग्राहक युरोपात माल पाठवतो. युरोपीय संघाच्या सीमा-कार्बन आकारणीत (बाहेरून येणारा माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावरचा आकार) लोखंड-पोलादाबरोबर बोल्ट आणि स्क्रूही येतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून केवळ माहिती देण्याचा टप्पा होता, तर १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा सुरू झाला आहे. या विषयाकडे दुर्लक्ष करण्याची सोय आता उरलेली नाही आणि ती उरू नये, असे माझे स्वतःचेही मत आहे.

व्यवस्थापनाने पैशांच्या बाबतीत हात आखडता घेतलेला नाही. छतावर सौर पॅनेल आहेत, प्रत्येक विभागाला वेगळा वीजमीटर आहे, हेडिंग मशीनवर सेन्सर आहेत आणि मशीन थांबले की ऑपरेटरने टॅबवर कारण नोंदवायचे असते. हे सगळे आकडे कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर दिसतात. तरीही प्रति टन वीजवापर जवळजवळ जिथल्या तिथे आहे. थांब्याच्या कारणांत सर्वाधिक नोंदी ‘इतर’ या सदरात येतात. सूचनापेटीत यंत्र किंवा प्रक्रियेविषयीची सूचना क्वचितच सापडते.

माझा प्रश्न असा आहे. ही उणीव तंत्रज्ञानाच्या निवडीत आहे, की आम्ही काम ज्या रीतीने वाटतो, मोजतो आणि त्याचे पैसे देतो, त्या रीतीत आहे? दुसरे कारण खरे असेल, तर कोणत्या पद्धती आधी बदलाव्यात आणि त्यामागे अनुभवाचा किंवा अभ्यासाचा काही आधार आहे का?


उत्तर
ऊर्जा_तपासणी

मी विदर्भातील कारखान्यांत ऊर्जा लेखापरीक्षणाचे काम करतो. तुमच्या वर्णनात एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि माझ्या मते तीच महत्त्वाची आहे: हेडिंगच्या ऑपरेटरला इन्सेंटिव्ह (पगारावरचा जादा मोबदला) कशावर मिळतो?

बहुतेक फास्टनर (बोल्ट-नट बनवणाऱ्या) कारखान्यांत तो नगांच्या संख्येवर मिळतो आणि सेटिंग बदलण्यात गेलेला वेळ त्यात धरला जात नाही. अशा वेळी ऑपरेटर स्वाभाविकपणे एकाच मापाचा माल जास्तीत जास्त वेळ चालवतो, कारण डाय (आकार देणारा साचा) बदलला की त्याची कमाई बुडते. परिणामी हीट ट्रीटमेंटकडे माल एकसारखा येत नाही. कधी एका मापाचे ढीग साचतात, तर कधी पुढच्या लॉटची वाट पाहावी लागते. जाळीच्या पट्ट्याची भट्टी (जिच्यातून माल फिरत्या पट्ट्यावरून जातो) मात्र साडेआठशे अंशांच्या आसपास तापलेलीच ठेवावी लागते, कारण ती थंड करून पुन्हा तापवणे त्याहून महाग पडते. पट्टा रिकामा फिरत असतानाही भिंतींतून, तोंडातून आणि पट्ट्याबरोबर उष्णता बाहेर जातच राहते. तुमचा प्रति टन आकडा जिथल्या तिथे राहण्याचे कारण भट्टीच्या इन्सुलेशनइतकेच हेडिंग विभागाच्या पगारपत्रकात असू शकते. भट्टीवर कितीही सेन्सर बसवले, तरी हे कारण त्या सेन्सरला दिसणार नाही, कारण ते दोन विभागांच्या मधल्या जागेत आहे. ते त्या दोन्ही विभागांतल्या माणसांना मात्र ठाऊक असते. त्यांना एकत्र बसवून विचारण्याची पद्धत कारखान्यात आहे का, हा खरा प्रश्न आहे.

दुसरे उदाहरण दाबाखालील हवेचे. देखभाल सैल असलेल्या कारखान्यात कॉम्प्रेसरने तयार केलेल्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा गळतीत जाऊ शकते आणि ७ बारच्या (बार हे दाबाचे एकक) आसपास चालणाऱ्या यंत्रणेचा दाब १ बारने उतरवता आला, तर कॉम्प्रेसरची वीज साधारण ६ ते ७ टक्क्यांनी कमी होते. हे आकडे माझ्या क्षेत्रातील प्रत्येकाला पाठ आहेत. तरीही गळत्या वर्षानुवर्षे तशाच राहतात, कारण दिवसा यंत्रांच्या आवाजात त्या ऐकू येत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत किंवा रात्रपाळीच्या शेवटी यंत्रे थांबली की त्यांचा आवाज येतो आणि त्या वेळी शेडमध्ये ऑपरेटर, हेल्पर आणि सफाई कामगार हेच लोक असतात. त्यांच्यापैकी कोणी गळती दाखवली, तर पुढे काय होते? तिथे खूणपट्टी बांधण्याचा अधिकार त्याला आहे का? मेंटेनन्सच्या फिटरला त्या कामासाठी ठरलेला वेळ मिळतो का, की ब्रेकडाऊनमधून सवड मिळाली तरच तो तिकडे जातो? ज्या कारखान्यांत या प्रश्नांची उत्तरे स्पष्ट आहेत, तिथे मला गळती कमी आढळते, मग तिथला कॉम्प्रेसर जुना का असेना.

पडद्याविषयीही एक सूचना आहे. तो कार्यालयातून काढून हीट ट्रीटमेंटच्या प्रवेशाजवळ लावा आणि त्यावर त्या पाळीत पट्टा किती वेळ रिकामा फिरला, एवढाच आकडा दाखवा. वीस आलेख असलेला डॅशबोर्ड शॉप फ्लोअरवर कोणी वाचत नाही. आपल्या हातातला एक आकडा माणूस वाचतो.


उत्तर
कळमेश्वर_लघुउद्योग

वरचे सगळे मान्य आहे, पण लहान उद्योजकाच्या बाजूचाही विचार व्हावा. आमच्याकडे सुपरवायझर एकच असतो आणि तोच डिस्पॅच पाहतो, तोच ग्राहकाच्या तक्रारीला उत्तर देतो. दोन विभागांना रोज एकत्र बसवायचे, तर तेवढा वेळ उत्पादनातून वजा होतो आणि तो खर्च कोणत्याही अनुदानात बसत नाही. झेड प्रमाणपत्राच्या (लहान-मध्यम उद्योगांच्या गुणवत्ता आणि पर्यावरणविषयक कामाचे सरकारी प्रमाणपत्र) शुल्कावर सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघु उद्योगाला ६० टक्के आणि मध्यम उद्योगाला ५० टक्के सवलत मिळते, ही चांगली गोष्ट आहे. परंतु प्रमाणपत्राची फाइल पूर्ण होणे आणि कामाची रीत बदलणे यांत बरेच अंतर असते. ते अंतर भरायला लागणारी मधल्या फळीतली माणसे आम्हाला मिळत नाहीत. मिळाली तर पुण्याकडे निघून जातात.


उत्तर
बुटीबोरी_मनुष्यबळ

मी बुटीबोरीतील एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात काम करते. ऊर्जा तपासणी करणाऱ्या सरांनी इन्सेंटिव्हचा मुद्दा नेमका पकडला आहे. त्याला आधार देणारा एक अभ्यास मी आमच्या व्यवस्थापनापुढे नेहमी मांडते.

पाकिस्तानातील सियालकोट हे शहर फुटबॉल बनवण्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या कारखान्यांत अर्थशास्त्रज्ञांनी कृत्रिम चामड्याचे तुकडे कापण्याचा एक नवा डाय मोफत दिला. त्या डायमुळे तुकड्यांची मांडणी अधिक दाट होत होती आणि वाया जाणारे साहित्य निश्चितपणे कमी होत होते. तरीही बहुतेक कारखान्यांनी तो वापरला नाही. कारण शोधले तेव्हा असे दिसले की, कापणारे कारागीर नगावर पैसे घेत होते. नव्या डायने सुरुवातीला हात मंदावत होता, म्हणजे त्यांची कमाई घटत होती आणि साहित्याची बचत मात्र पूर्णपणे मालकाच्या खिशात जात होती. म्हणून डाय उपयोगाचा नाही, असे ते मालकाला सांगत होते. मग काही कारखान्यांत, नवा डाय व्यवस्थित वापरून दाखवणाऱ्या कारागिराला साधारण एका महिन्याच्या कमाईइतकी रक्कम एकदाच देण्यात आली आणि तिथे डायचा वापर लक्षणीय वाढला. हा शोधनिबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. साहित्याची नासाडी कमी करणारे, म्हणजेच पर्यावरणाच्या दृष्टीने चांगले तंत्र हातात असूनही केवळ मजुरी देण्याच्या पद्धतीमुळे ते कसे अडते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

मात्र फक्त इन्सेंटिव्ह बदलून काम होईल, अशी अपेक्षा ठेवू नये. अमेरिकेतील पोलाद कारखान्यांच्या ३६ फिनिशिंग लाइनचा एक अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. गटाने काम, गटाच्या कामगिरीवर मोबदला, एकापेक्षा अधिक कामांचे प्रशिक्षण, नोकरीची शाश्वती आणि माहितीची खुली देवाणघेवाण या गोष्टी जिथे एकत्र होत्या, तिथे उत्पादकता ठळकपणे जास्त होती. यातली एखादीच गोष्ट उचलून लावली, तिथे जवळजवळ काहीच फरक पडला नाही. याचे कारण समजण्यासारखे आहे. प्रशिक्षण दिले आणि निर्णयाचा अधिकार दिला नाही, तर माणूस शिकलेले विसरतो. अधिकार दिला आणि शाश्वती दिली नाही, तर ज्या सुधारणेमुळे आपल्याच शेजाऱ्याचे काम जाणार आहे, ती सुधारणा तो सुचवणार नाही.

आता ‘इतर’ या सदराविषयी. तुमच्याकडे एखाद्या ऑपरेटरने टॅबवर ‘सेटिंग चुकले’ असे खरे कारण नोंदवले आणि दुसऱ्या दिवशी त्याला केबिनमध्ये बोलावून जाब विचारला गेला, असे एकदा जरी घडले असेल, तरी तेवढे पुरेसे आहे. त्यानंतर संपूर्ण पाळी ‘इतर’ लिहिते. आमच्याकडे हे थांबवण्यासाठी आम्ही लेखी नियम केला: थांब्याची नोंद शिस्तभंगाच्या किंवा वार्षिक मूल्यमापनाच्या कोणत्याही कागदात वापरली जाणार नाही. नियम नोटीस बोर्डावर लागल्यानंतरही लोकांचा विश्वास बसायला वेळ लागला आणि तो लागणे योग्यच होते. त्यांनी आधी आम्हाला पारखले. मग हळूहळू डायची झीज, तारेच्या कॉइलची खराब प्रत, फोर्कलिफ्टची वाट पाहणे अशी कारणे येऊ लागली. त्यांतली बहुतेक कारणे ऑपरेटरच्या हातातली नव्हतीच.

शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत दुखरा मुद्दा ठेकेदाराच्या कामगारांचा. तुमच्याकडे निम्मे लोक ठेकेदाराचे आहेत. त्यांना टॅबचा लॉगिन आहे का? सूचना दिली तर बक्षीस कोणाच्या नावावर निघते? प्लेटिंगच्या टाक्यांवर आणि सांडपाण्याच्या प्रक्रियेवर बहुधा हेच लोक असतात. कोणत्या वेळी किती पाणी धुण्यात वाया जाते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. ज्यांच्याकडे हरित सुधारणेची सर्वाधिक माहिती आहे, त्यांनाच आपण सुधारणेच्या रचनेबाहेर ठेवले आहे.


प्रतिसाद
हिंगणा_फास्टनर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हेडिंगचा इन्सेंटिव्ह आमच्याकडे नगांवरच आहे आणि तो कामगार संघटनेशी झालेल्या करारात लिहिलेला आहे, त्यामुळे तो मला एकट्याला बदलता येणार नाही. ताईंनी विचारलेल्या लॉगिनचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ठेकेदाराच्या कामगाराने मशीन थांबवले, तर नोंद कायम कामगाराच्या लॉगिनवरून होते.

याशिवाय एक अडचण आहे. सेन्सर बसले तेव्हा ते आमच्यावर नजर ठेवण्यासाठी आहेत, असा समज पसरला आणि तो अजून गेलेला नाही. संघटनेशी नव्याने बोलायचे झाले, तर सुरुवात कुठून करावी?


उत्तर
निवृत्त_प्राध्यापक_धरमपेठ

औद्योगिक अभियांत्रिकी हा विषय मी अनेक वर्षे शिकवला आहे. आपला प्रश्न नागपूरला नवा नाही, म्हणून थोडे मागे जाण्याची परवानगी घेतो.

१ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी या शहरात एम्प्रेस मिल सुरू केली. सूतकताईची रिंग पद्धत इंग्लंडच्या लँकेशायर या कापडगिरण्यांच्या प्रदेशातही सर्वमान्य झालेली नव्हती, त्या काळात ती या गिरणीत आली. त्याच गिरणीत १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी सुरू झाला आणि १८९५ मध्ये अपघाताच्या भरपाईची व्यवस्था झाली. कायद्याने या गोष्टी बंधनकारक होण्याच्या कितीतरी आधीचा हा काळ आहे. नवे यंत्र आणि कामगाराला दिलेली शाश्वती एकाच छताखाली, एकाच दशकाच्या आगेमागे आली, हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. यंत्र बदलले तर आपले काय होईल, ही भीती जिथे कमी असते, तिथे नवे यंत्र लवकर रुजते. अर्थात त्या सोयी मालकाने दिलेल्या होत्या. गिरणीच्या कारभारात कामगारांचे मत घेतले जात होते, असा दावा मी करणार नाही. आज तेवढ्यावर भागणार नाही, कारण आज कामगाराकडून आपल्याला त्याची माहिती आणि त्याचा विचार हवा आहे.

तंत्र आणि कामाची रचना यांतील अंतराचे दुसरे उदाहरण विजेच्या मोटारीचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील कारखान्यांनी वाफेचे इंजिन काढून त्या जागी एक मोठी मोटार बसवली आणि छताखालचा लांब शाफ्ट (यंत्रांना गती देणारा फिरता दांडा) व त्यावरचे पट्टे तसेच ठेवले. उत्पादकतेत फारसा फरक पडला नाही. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटार देऊन, मालाच्या प्रवाहाप्रमाणे यंत्रांची मांडणी बदलून आणि कामांची वाटणी नव्याने करून मोठा फायदा दिसू लागला, तो १९२० च्या दशकात. आपल्या कार्यालयातला पडदा सध्या त्या जुन्या शाफ्टवर चालणाऱ्या मोटारीच्या अवस्थेत आहे.

आपल्या देशातील पुरावाही आहे. तारापूर आणि उंबरगाव परिसरातील १७ कापड कंपन्यांच्या २८ कारखान्यांवर झालेला एक प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही कारखान्यांत दोषांची रोजची नोंद, साठ्याची नोंद, यंत्रांची ठरावीक देखभाल आणि रोजची छोटी बैठक अशा साध्या पद्धती सल्लागारांच्या मदतीने रुजवल्या गेल्या आणि पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. काही वर्षांनी संशोधक पुन्हा तिथे गेले, तेव्हा त्यांतल्या जवळपास निम्म्या पद्धती सुटून गेल्या होत्या. व्यवस्थापक बदलणे आणि संचालकांना वेळ न मिळणे ही त्याची प्रमुख कारणे निघाली. कळमेश्वरच्या मित्रांनी मधल्या फळीविषयी जे लिहिले आहे, त्याला हा निष्कर्ष पुष्टी देतो. म्हणून पद्धत एखाद्या व्यवस्थापकाच्या उत्साहावर न ठेवता करारात लिहिलेली बरी.

संघटनेशी बोलणी कुठून सुरू करावीत, याविषयी माझे मत असे. शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींच्या (कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नसतील अशा) कार्य समितीची तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. पुष्कळ ठिकाणी ही समिती कॅन्टीन आणि गणवेश यांपुढे जात नाही. सेन्सरची माहिती कोण पाहील, ती किती काळ ठेवली जाईल आणि कशासाठी वापरली जाणार नाही, हा विषय त्या समितीपुढे ठेवा. नजर ठेवली जात असल्याचा समज भाषणाने जाणार नाही. तीच माहिती प्रतिनिधींच्या हाती आली, तर तो कमी होऊ शकेल.


उत्तर
ऊर्जा_तपासणी

प्राध्यापक सरांच्या सूचनेला एक व्यावहारिक जोड देतो. इन्सेंटिव्हचा संपूर्ण करार उघडण्याआधी, करारातील नगांचा दर तसाच ठेवून सेटिंगच्या वेळेला सरासरी कमाईप्रमाणे पैसे देण्याचा प्रयोग मोजक्या मशीनवर, ठरावीक मुदतीसाठी आणि संघटनेच्या लेखी संमतीने करता येईल. त्यात कोणाचेही नुकसान नसल्यामुळे संमती मिळणे तुलनेने सोपे जाते. त्याच मुदतीत भट्टीचा पट्टा रिकामा फिरण्याचा वेळ मोजत राहा. तो घटला, तर किती वीज वाचली आणि सेटिंगच्या पैशांवर किती खर्च झाला, हे दोन्ही आकडे एकाच तक्त्यात कामगारांपुढे आणि व्यवस्थापनापुढे ठेवा.

दुसरी गोष्ट नागपूरच्या उन्हाळ्याची. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना पत्र्याच्या शेडखाली भट्टीजवळ काम करणाऱ्या माणसाकडून सुधारणेच्या कल्पना मागणे मला योग्य वाटत नाही. आधी तिथली उष्णता कमी केली पाहिजे. बेंगळुरूच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत जुने दिवे काढून एलईडी लावल्यावर दिव्यांची उष्णता कमी झाली आणि अधिक गरमीच्या दिवसांत कामगारांची कार्यक्षमता घसरणे बऱ्याच अंशी थांबले. त्या फायद्याचे मूल्य विजेच्या बचतीपेक्षा जास्त निघाले. तुमच्याकडे भट्टीच्या तोंडावरचे पडदे, बाहेरील भिंतीचे इन्सुलेशन आणि छताचा पांढरा लेप या कामांची किंमत ठरवताना केवळ वाचलेले युनिट धरू नका, त्या विभागातली दुपारच्या पाळीतली गैरहजेरी आणि रिवर्क (पुन्हा करावे लागणारे काम) हेही धरा. एक्झॉस्ट पंख्यांना वेग बदलण्याची सोय करून घ्या, कारण वेग २० टक्क्यांनी कमी केला तर पंख्याची वीज जवळपास निम्म्यावर येते आणि रात्रपाळीत पूर्ण वेगाची गरज सहसा नसते. तो वेग कधी उतरवायचा, याचा निर्णय मात्र भट्टीवर उभ्या असलेल्या माणसाकडेच द्या, मग तो कायम असो की ठेकेदाराचा, आणि त्याच्या नावाने लॉगिनही काढून द्या.